पोदेर येतो, पण भोंगा वाजत नाही

औषधाची चिठ्ठी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात रक्तदाबाच्या गोळ्यांवर लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले, की माझी डावी किडनी गेली १४ वर्षं धाकट्या भावाच्या पोटात आहे. रक्तदाब राहिला बाजूलाच. आलेली बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरची. काहींनी तब्येतीची चौकशी केली (बरी आहे, उरलेली एक किडनी दोघींचं काम बिनतक्रार करते), पण बाकी सगळ्यांचा रोख भावाला त्या किडनीसाठी घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांवर होता. म्हणून हा अंक प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांना दिला. मी डॉक्टर नव्हे. म्हापशाच्या बाजारात ३१ वर्षं फार्मसी चालवलेली बाई आहे. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. गोळी पोटात गेल्यावर काय करते ते सांगणं माझं.

ताई, माझ्या मुलाला (वय २७) तीन वर्षांपूर्वी मीच किडनी दिली. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.२ वर स्थिर आहे. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट सकाळ-संध्याकाळ, शिवाय प्रेडनिसोलोन. हल्ली तो म्हणतो, "आई, आतां ती म्हजीच न्हय? शरीराला सवय झाली असेल. मग गोळ्या कित्याक?" मलाही एक कोडं आहे. मी त्याची आई. नऊ महिने पोटात वागवला. माझी किडनी त्याच्या शरीराला परकी वाटतेच कशी? दवाखान्यात विचारायला जावं तर बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात.
— एक आई, वाळपई

तुमच्या कोड्यापासून सुरुवात करते, कारण मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात. त्यांना एचएलए म्हणतात. या खुणांचा एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. म्हणजे मुलाकडे तुमचे निम्मेच आले. तुमचे उरलेले निम्मे, ते त्याच्या शरीराचे स्वतःचे नाहीतच. किडनीवर मात्र दोन्ही आहेत. सख्ख्या भावंडांत तर ही लॉटरीच असते. चारांत एकदा दोन्ही संच जुळतात, चारांत एकदा एकही जुळत नाही, बाकी वेळा निम्मं. मी आणि माझा भाऊ निम्मे निघालो. लहानपणापासूनची भांडणं पाहता मला ते जास्तच वाटले होते.

आणि पोटात वागवण्याचं म्हणाल, तर तेव्हा उलटं होतं. तो तुमच्या शरीराला निम्मा परका होता. मध्ये वार (प्लासेंटा) होती म्हणून निभावलं. गर्भ आणि आईच्या रक्तातल्या पेशी यांच्यात ती मध्यस्थ असते, आणि आपल्या बाजूने बरंच काही शांत ठेवते. किडनीला वार नसते. तिला थेट त्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेलं आहे, आणि त्याचं सगळं रक्त दिवसातून कितीतरी वेळा तिच्यातून फिरतं. म्हणजे त्याच्या शरीराचे पहारेकरी दर काही मिनिटांनी तुमच्या दारावरून जातात आणि पाटी वाचतात.

हे डॉक्टरांना उमजायलाच किती वेळ लागला बघा. दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोला पीटर मेडावार यांनी भाजलेल्या एका बाईवर तिच्या भावाची कातडी लावली. ती गळून गेली. पुन्हा त्याच भावाची लावली, तर आधीपेक्षा लवकर गेली. म्हणजे शरीराने पहिल्या खेपेची आठवण ठेवली होती. नुसता घाव भरला नाही असं ते नव्हतं. शरीर ओळखून हल्ला करत होतं. त्या कामाच्या मागावर गेलेल्या मेडावारना १९६० साली नोबेल मिळालं. मग १९५४ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. पाटी तीच, त्यामुळे भांडणच नाही. पण जुळा भाऊ कितीजणांना असतो? बाकीच्यांसाठी औषधच हवं होतं.

आता ते औषध काय करतं. मी दुकानात हे पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) दाखला देऊन सांगायची, तोच इथे देते. सकाळी पोदेर सायकलवरून वाड्यावर येतो. तो आला एवढ्याने कोणी उठत नाही. तो भोंगा दाबतो, पों-पों होतं, आणि मग दारं उघडतात, लोक गोळा होतात. टी पेशी, म्हणजे ते मघाचे पहारेकरी, तशीच. तिने परकी पाटी वाचली की तिच्या आत कॅल्शियम वाढतं, त्याने कॅल्सिन्युरिन नावाचं एक एन्झाइम जागं होतं, ते एका निरोप्याला पेशीच्या केंद्रकात पाठवतं, आणि तिथून इंटरल्युकिन-२ तयार करण्याचा हुकूम सुटतो. हे इंटरल्युकिन-२ म्हणजे भोंगा. तो वाजला की त्याच जातीच्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढत जातात आणि किडनीवर चालून येतात.

टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिनला धरून ठेवतं. पोदेर वाड्यावर येतो, पाटी वाचतो, पण भोंगा वाजत नाही. मायकोफेनोलेटची जागा पुढे आहे. पेशीला दुप्पट व्हायचं तर नवं डीएनए लागतं, आणि त्याचा कच्चा माल लिम्फोसाइट पेशी (टी पेशी ज्यांतल्या त्या पांढऱ्या पेशी) मुख्यतः स्वतःच नव्याने बनवतात. बाकीच्या बहुतेक पेशी जुना माल परत वापरून भागवू शकतात. मायकोफेनोलेट नेमकं ते नव्याने बनवणंच अडवतं. म्हणून त्याचा मार लिम्फोसाइटवर जास्त बसतो. प्रेडनिसोलोन यापेक्षा आडदांड आहे. ते सूज आणि आरडाओरडा वाढवणारे अनेक निरोप एकदम कमी करतं. गाल फुगणं, साखर चढणं, हाडं ठिसूळ होणं त्यामुळेच. तीन औषधं तीन वेगळ्या जागी थोडं-थोडं दाबतात म्हणून प्रत्येकाचा डोस बेताचा ठेवता येतो. एकावरच सगळा भार टाकला तर किडनी वाचेल आणि माणूस आजारी पडेल.

आणि आता तुमच्या चिरंजीवांचं म्हणणं. "सवय झाली असेल." थोडी होते, म्हणून तर पहिल्या महिन्यांतले मोठे डोस पुढे उतरवतात. पण किडनीवरची पाटी बदलत नाही. तुमची किडनी त्याच्या पोटात तीस वर्षं राहिली तरी तिच्यावर तुमचीच खूण राहणार. आणि पाटी वाचणाऱ्या पेशी त्याच्याच अंगात आहेत. गोळी थांबली की काही दिवसांत भोंगा दुरुस्त होतो. गंमत अशी की रोज गोळी घेणाऱ्याला काहीच जाणवत नाही आणि गोळी सोडणाऱ्यालाही सुरुवातीला काहीच जाणवत नाही. ताप येईलच, दुखेलच, लघवी कमी होईलच असं नाही. रक्त तपासल्यावर क्रिएटिनिन वर गेलेलं दिसतं तेव्हा कळतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझा भाऊ लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरून जत्रेत आगीतून जाणारा भक्त. मये गावचा. प्रत्यारोपणानंतर चार वर्षं शिरगावच्या जत्रेला गेला नव्हता. पाचव्या वर्षी वैशाखात बेतकाठी काढली, व्रत धरलं आणि बाकीच्या धोंडांबरोबर झोपडीत राहायला गेला. आगीतून जाऊ नकोस असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते त्याने ऐकलं. गोळ्यांचा डबा मात्र घरी राहिला. विसरला की ठेवला, हे मी अजून विचारलेलं नाही. पाच दिवस. परतला तो मोगऱ्याच्या माळा घालून, एकदम ताजातवाना. "बघ ताई, काय झालं?" खरंच काही झालेलं दिसत नव्हतं. दोन आठवड्यांनी नेहमीची रक्ततपासणी आली. क्रिएटिनिन १.३ होतं ते २.४. मग बायोप्सी, मग तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन. उतरलं ते १.६ वर येऊन थांबलं. १.३ पुन्हा दिसलं नाही. त्या पाच दिवसांत जो भाग जखमी झाला तिथे व्रण राहिला. माझ्याच किडनीवरचा व्रण, आणि मी त्यावर रागावूही शकत नाही, कारण ती मी देऊन टाकलेली आहे.

तेव्हा मुलाला ओरडू नका. २७ व्या वर्षी दिवसातून दोनदा आजाराची आठवण करून घेणं जड जातं. त्याऐवजी वेळेचं गणित सांगा. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी का, तर रक्तातलं प्रमाण एका अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. वर गेलं तर हात थरथरतात, साखर आणि रक्तदाब वाढतो आणि किडनीलाच इजा होते. हो, जी वाचवायची तिलाच. खाली गेलं तर भोंगा. एखादी वेळ चुकली तर काय करायचं हे तुमच्या केंद्राकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. दोन डोस एकदम मात्र कधीच नाही.

आणि पातळी तपासायला जाल त्या सकाळी आधी रक्त, मग गोळी. हे मी ठळक छापायला सांगितलं आहे. डॉक्टरांना पाहायचं असतं ते सर्वात खाली आलेलं प्रमाण, म्हणजे पुढच्या डोसच्या जरा आधीचं. माझ्याकडे येणारी एक बाई न चुकता गोळी घेऊन, चहा पिऊन मग रक्त द्यायला जायची. आकडा आला १८. डोस कमी केला गेला. पुढच्या महिन्यात तशीच गेली, पुन्हा कमी. प्रयोगशाळेत तिला कोणी विचारलं नाही की गोळी कधी घेतली. काउंटरवर तिने सहज सांगितलं म्हणून लक्षात आलं. बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात हे खरं आहे, पण मग फार्मासिस्ट कशाला आहेत?

मला एक वर्षापासून आमवात आहे. हाताची बोटं सकाळी वळत नाहीत. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलं. मुलाने मोबाइलवर पाहिलं तर ते कॅन्सरचं औषध निघालं. माझ्यापासून काही लपवत आहेत का? शिवाय गोळी आठवड्यातून एकदाच आहे. एका गोळीने काय होणार?
— निवृत्त शिक्षिका, मडगाव

लपवत नाहीत. हो, कॅन्सरचंच आहे. आणि त्यामागे आपल्याच देशातलं एक डोकं आहे. यल्लाप्रगड सुब्बराव आंध्रातून अमेरिकेत गेले आणि तिथे लेडर्ली कंपनीत फॉलिक आम्लाला विरोध करणारी औषधं त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. १९४७-४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी त्यातलं एक रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना देऊन पाहिलं. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं.

कॅन्सरला ते मोठ्या डोसमध्ये देतात, वाढणाऱ्या पेशी मारायला. तुम्हाला आठवड्याला काही मिलिग्रॅम. एवढ्याने पेशी मारायचा उद्देश नसतो. सांध्यात जमून आपल्याच हाडावर तुटून पडणाऱ्या पेशी थंडावतात. किडनीच्या बाबतीत पाहुण्याला वाचवायचं असतं, तुमच्या बाबतीत घरच्याच माणसाला, एवढाच फरक. आणि आणखी एक. परका अवयव असेल तर औषध जन्मभराचं. आमवात शांत झाला तर डॉक्टर डोस उतरवू शकतात. ते ठरवतील.

पण "एका गोळीने काय होणार" या वाक्याची मला भीती वाटते. एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. तोंडभर फोड. पेजसुद्धा गिळता येत नव्हती. फोडांवर लावायला मलम मागत होते. काय औषध चालू आहे विचारलं तर खिशातून मेथोट्रेक्सेटची पट्टी काढली. आठवड्याची गोळी त्यांनी रोज घेतली होती, आठ दिवस. चिठ्ठीवर लिहिलं होतं नीट, पण बारीक अक्षरात, आणि पट्टी ज्या दुकानातून घेतली तिथे कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या. दवाखान्यात फॉलिनिक आम्ल देऊन सावरले, पण पंधरा दिवस काढले.

त्या दिवसापासून मी पट्टीवर मार्करने वार लिहू लागले. म्हापशात शुक्रवार. शुक्रवारचा बाजार कोण विसरतं? बाजाराच्या दिवशी मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी शनिवारी फॉलिक आम्ल. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा वार दिला असेल तर तोच ठेवा, पण ठरलेला एकच ठेवा. परिणामाला सहा ते बारा आठवडे धरा. यकृत आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. तोंड आलं, धाप लागली, कोरडा खोकला सुटला, तर पुढच्या शुक्रवारची वाट न पाहता दाखवा. दारू नको. काजू फेणी हे औषध आहे असं तुम्हाला कोणी सांगेलच. त्यांना माझं नाव सांगा.

माझं प्रत्यारोपण होऊन दीड वर्ष झालं. सावईवेऱ्यात कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. पाटाचं पाणी, शेण, पालापाचोळा, सगळं हातानेच. डॉक्टर मातीत जाऊ नका म्हणतात. मी करायचं तरी काय?
— एक कुळागरकार

तुमच्यासारख्या माणसाला "मातीपासून लांब राहा" सांगणं म्हणजे माशाला पाण्यापासून. आणि मौज म्हणजे तुमची औषधं मातीतूनच निघालेली आहेत.

सँडोझ या स्विस कंपनीचे लोक सुट्टीवर गेले की येताना पिशवीत माती आणायचे. १९६९ साली नॉर्वेच्या हार्दांगरविद्दा पठारावरून अशीच माती आली. तिच्यातल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळालं, आणि १९७२ मध्ये कळलं की ते लिम्फोसाइटना रोखतं. रॉय काल्न यांनी १९७८ मध्ये केंब्रिजला ते माणसांत वापरलं. तुम्ही आज घेता ते टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जंतूतून. आणि याच कामाचं आणखी एक औषध, सिरोलिमस? पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर १९६४ मध्ये कॅनडाची एक तुकडी गेली होती, तिने आणलेल्या मातीतून. स्थानिक भाषेत त्या बेटाचं नाव रापा नुई, म्हणून औषधाचं पहिलं नाव रापामायसिन. त्याच्यामागे राहिले ते सुरेंद्रनाथ सेहगल, बनारसला शिकलेले. मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा १९८३ मध्ये बंद झाली, काम गुंडाळलं गेलं, तेव्हा या माणसाने त्या जंतूच्या बाटल्या घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवल्या. १९९९ मध्ये ते औषध अमेरिकेत मंजूर झालं. फ्रीझरमधल्या सुंगटांच्या शेजारी असं काही ठेवलं असतं तर आमच्या आईने पहिल्या दिवशी फेकून दिलं असतं.

मातीतले जंतू एकमेकांशी लढायला जी रसायनं तयार करतात, तीच आपल्याला औषध म्हणून सापडली. पण तीच माती, तेच पाणी तुम्हाला धोक्याचं आहे, कारण तुमच्या अंगातला भोंगा आपणच बंद ठेवला आहे. कुळागरात मला खरी भीती वाटते ती उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाटाच्या पाण्याची. लेप्टोस्पायरोसिस धडधाकट माणसाला आडवा करतो. गमबूट, जाड हातमोजे, पायाला चीर पडलेली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. कुजलेला पाला आणि कोरडं शेण उकरताना बुरशीची धूळ नाकात जाते. ते काम गड्याला सांगा, किंवा निदान मास्क लावून, ओलं करून. सत्तरीच्या बाजूला काजूत जात असाल तर माकडतापाची गोचीडही लक्षात ठेवा. २०१५ पासून तो आजार तिथे आहे, आणि त्याचा मोसम नेमका काजूचाच.

ताप १००.४ च्या वर गेला की काढा नाही, पॅरासिटामॉल घेऊन झोपणं नाही, थेट दवाखाना. फोंड्याहून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) काही लांब नाही. आणि कंबर धरली म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मागू नका. टॅक्रोलिमसच्या जोडीला ती किडनीचा घात करतात. कुळागरात फिरा, बघा, पाणी वळवायचं ते बूट घालून वळवा. उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी, कारण या औषधांवर वर्षानुवर्षं असलेल्यांना कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. सुपारीच्या सावलीत ते सोपं आहे.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. कालवं, तिसऱ्या, शिणाण्या पुरत्या शिजल्याखेरीज नाही. बिंबलं आणि करमलं आमटीत आंबट म्हणून घालतो तेवढी ठीक, पण त्यांचा रस काढून पिऊ नका. त्यांतलं ऑक्झॅलेट किडनीत साचतं.

यजमानांची किडनी दोन वर्षांपूर्वी बदलली. नणंद रोज अमृतवेलीचा काढा पाठवते, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून. नाही म्हटलं तर राग येतो.
— डिचोली

नणंदेच्या मायेबद्दल शंका नाही. पण यजमानांचा दवाखाना महिन्याला हजारो रुपये खर्च करून प्रतिकारशक्ती दाबतो आहे, आणि ती वाढवायचा काढा फुकट घरपोच येतो आहे. दोघांपैकी एकाला थांबावं लागेल.

गुळवेल, म्हणजे आपली अमृतवेल, वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ती प्रतिकारशक्तीला डिवचते असं मानूनच ती पाजतात ना? मग ज्याच्या अंगात ती झोपवून ठेवायची आहे त्याला ती कशी चालेल? कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये नोंदवलं. त्या इजेचं रूप शरीराने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखं होतं. नणंदेला सांगा की औषधवाल्या बाईने लिहिलं आहे, राग माझ्यावर काढू दे. काढ्याच्या जागी तिने तवसाळी पाठवावी. यजमानांची साखर बरी असेल तर.

मला ल्युपस (शरीर स्वतःवरच हल्ला करतं तो आजार) आहे, मायकोफेनोलेट आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे. लग्न होऊन वर्ष झालं. घरचे मुलाचं विचारतात. गोळ्या बंद करू का?
— वास्को

स्वतःहून एकही बंद करू नका, आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दिवसही राहू देऊ नका. मायकोफेनोलेटने गर्भात व्यंग होतं आणि गर्भपातही होतात. ते गर्भधारणेच्या निदान सहा आठवडे आधी थांबवून डॉक्टर बहुधा अझाथायोप्रिनवर आणतात, जे गर्भारपणात पुष्कळ वर्षं वापरलं गेलं आहे. मग नव्या औषधावर आजार शांत राहतो का ते काही महिने पाहतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मात्र सोडायचं नाही. ते गर्भारपणात ल्युपसला धरून ठेवतं. घरच्यांना सांगा की एक वर्ष थांबा. विचारणारे थांबतात, ल्युपस थांबत नाही.

अझाथायोप्रिनचं नाव निघालंच आहे तर: घरात कोणाला ते चालू असेल आणि युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून दुसऱ्याच डॉक्टरने अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिलं, तर ती पट्टी फोडू नका. अझाथायोप्रिन ज्या वाटेने शरीरातून निघून जातं ती वाट अ‍ॅलोप्युरिनॉल बंद करतं, आणि रक्तपेशी कोसळतात. माझ्या काउंटरवर ही जोडी दोनदा आली होती. दोन्ही वेळा मी फोन उचलला आणि दोन्ही वेळा पलीकडून आधी चिडलेला आवाज आला, मग "बरं झालं सांगितलंत."

आम्ही कोणाची किडनी घ्यायची यावर कायदा आहे का? शेजारी म्हणतात पैसे दिले की मिळते.
— पेडणे

शेजाऱ्यांचं ऐकलंत तर तुरुंगात जाल. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, आणि तो सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत गोवा होता. सोबत महाराष्ट्र आणि हिमाचल. आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं ही जवळची नाती. बाहेरचा दाता असेल तर समितीपुढे जावं लागतं, आणि पैशाचा व्यवहार हा गुन्हा आहे. मरणोत्तर दानासाठी नाव नोंदवायचं तर गोमेकॉत चौकशी करा.

टॅक्रोलिमसबरोबर पपनस चालत नाही असं कोणी म्हणालं. मग चवथीला काय करायचं?
— कुंभारजुवे

बरोबर ऐकलंत. पपनसात असे घटक असतात जे आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात, आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीही टिकतो. मग तेवढ्याच गोळीतून रक्तात जास्त औषध जातं. नेहमीचं संत्रं चालेल. पपनस माटोळीला (गणपतीच्या वर फळं बांधतात त्या चौकटीला) खुशाल बांधा. उतरवल्यावर शेजाऱ्यांना द्या.